मुंगीच्या वाट्याचं मीठ

"जो तुझ्याकडे चोरून येईल ना, त्याच्यावर लक्ष ठेव," असं मला एका म्हाताऱ्या पत्र्याच्या डब्यानं सांगितलं होतं. तेव्हा मी नवीकोरी होते, आणि नव्या वस्तूंना जुन्यांचं बोलणं म्हणजे नुसती किरकिर वाटते. मी मनात म्हटलं, मीठ कोण कशाला चोरेल? चोरायचंच तर शेजारी साखर आहे, वरच्या फळीवर मनुका आहेत. मीठ पत्र्याला खातं, तसं त्या डब्याचंही बूड खाऊन झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो भंगारात गेला आणि त्याची जागा मला मिळाली.

मित्रांनो, मी मिठाची बरणी आहे. पोटाला पांढरी, खांद्यावर तपकिरी, ओठाला एक टवका उडालेली. आता माझ्या अंगावर बारीक रेघांचं जाळं आलंय, आणि त्याला सगळे तडे म्हणतात. मी सुरकुत्या म्हणते.

माझा जन्म भट्टीतला. चाकावर ओल्या मातीचा गोळा होते तेव्हाचं काही आठवत नाही. आठवते ती धग. अंगावरची झिलई वितळून पसरत होती आणि मला वाटत होतं, आपण आता वाहून जाणार. मग सगळं हळूहळू निवलं. बाहेर आले तेव्हा मला आकार होता आणि माझ्या पोटात पोकळी होती. पोकळी म्हणजे काय हे तुम्हाला सांगणं अवघड आहे. तुमच्या पोटात भूक असते, तसं आमच्या पोटात वाट पाहणं असतं.

दुकानाच्या फळीवर मी बरीच वाट पाहिली. मग एक नवी नवरी आली. तिनं माझं झाकण चार वेळा उघडून लावून पाहिलं, बोटानं आतून चाचपलं, उजेडाकडे धरून बुडाला चीर आहे का ते बघितलं. दुकानदार म्हणाला, "ताई, बरणी आहे, मुलगा बघायला नाही आलात." ती म्हणाली, "मुलगा एवढा नीट बघितला नव्हता," आणि मला घेऊन गेली.

त्या घरात माझ्या पोटात पहिल्यांदा मीठ पडलं. मित्रांनो, मीठ समुद्र विसरत नाही. दुपारी घर पेंगायला लागलं की दाणे एकमेकांना हलकेच घासतात आणि कुजबुजतात. उथळ पाण्याच्या चौकोनांबद्दल, उन्हात पाणी उडून गेल्यावर मागे राहण्याबद्दल, पांढऱ्या ढिगांवरून चालणाऱ्या अनवाणी पायांबद्दल. मी अर्धवट झोपेत ते ऐकायचे. माझं सगळं आयुष्य एका स्वयंपाकघरात गेलं, पण विचाराल तर मी समुद्रावर राहिलेली आहे.

त्या स्वयंपाकघराला एक मोठी खिडकी होती. खिडकीखाली ओटा, ओट्याला लागून जेवणाचं टेबल, आणि कोपऱ्यात उजेड चांगला म्हणून आबांचं शिवणयंत्र. आबा म्हणजे त्या नवरीचे सासरे. जन्मभर शिंपीकाम केलेलं. दुकान बंद केलं तरी त्यांचे हात काही बंद होईनात, म्हणून आजूबाजूच्या लोकांच्या पँटी आखूड करून द्यायचे. त्यांचा मुलगा मालाचा ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांवर असायचा, आठवड्याकाठी घरी यायचा. नवरी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. नंतर ती आई झाली, आणि मीही तिला आईच म्हणायला लागले, कारण घरातली सगळ्यात मोठी हाक तीच होती.

तिच्या मुलीला सगळे मुंगी म्हणायचे. रांगायला लागल्यापासून ती सतत काहीतरी ओढून नेत असायची. रिळं, चमचे, आबांची मोजपट्टी. नाव पडलं ते पडलंच.

एक दिवस आबांना यंत्रावर बसल्या बसल्या गरगरलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, मीठ कमी करा. आता आईचा स्वभाव असा, की तिनं एखादी गोष्ट हातात घेतली की अर्धवट घेत नाही. तिनं वाचलं, विचारलं, पाकिटांवरची बारीक अक्षरं तपासली. लोणची गेली, खारे दाणे गेले, चीज गेलं. आबांसाठी वेगळं भांडं चढवायचं का, असा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "वेगळं ताट दिलं की त्यांना आजारी असल्यासारखं वाटेल. सगळेच खाऊ आळणी. आपलंही भलंच होईल." सगळ्यांचं मिळून एकच भांडं. प्रेमानं घेतलेला निर्णय होता. त्यात वाईट काय आहे, हे मलाही तेव्हा कळलं नसतं.

मुंगीचे बाबा ट्रकच्या फेरीवरून आले की पहिल्या चमच्याला थबकायचे. "हे सूप आहे की पाणी तापवलंय?"

"नको असेल तर तुझ्या ट्रकच्या रेडिएटरमध्ये ओत," आबा म्हणायचे, आणि स्वतःही तोंड वाकडं करून गिळायचे.

मला फारसं कोणी हात लावेना. मी आपली समुद्र ऐकत बसायचे.

मग एका दुपारी माझं झाकण कुणीतरी अगदी हळू उचललं. एक ओलं बोट आत आलं, दाण्यांत बुडलं आणि गेलं. परत आलं. परत गेलं. मुंगी होती. शाळेतून आली होती, दप्तर अजून पाठीवर. ती मीठ खात होती, जसं तुम्ही एखादी खूप दिवसांनी मिळालेली गोष्ट खाता, डोळे मिटून. मला डबा आठवला. पण मित्रांनो, बरणीला तोंड असतं, आवाज नसतो.

ती रोज येऊ लागली. काकडीवर मीठ, सफरचंदावर मीठ, नुसतंच तळहातावर मीठ. आबांनी एकदा पकडलं तेव्हा त्यांना हसूच आलं. "जगातल्या मुंग्या साखरेला लागतात. आमची मिठाला."

आईला हसू आलं नाही. "आजोबांचं बघतेस ना? मिठाची सवय वाईट. तोंडाला लागलं की सुटत नाही."

"मला पाहिजे असतं," मुंगी म्हणाली.

"पाहिजे असतं म्हणून सगळं खायचं का?"

मुंगीला खरोखरच माहीत नव्हतं की ते तिला का पाहिजे असतं.

हळूहळू तिचं वस्तू ओढून नेणं थांबलं. दप्तर ती दारातच टाकायची. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. फ्रॉक अंगावर लोंबायला लागला, तेव्हा आबांनी तो दोन्ही बाजूंनी आत घेतला आणि म्हणाले, "उंची वाढतेय, अंग मागे राहिलंय." आणि तिचा रंग बदलत होता. थंडीचे दिवस, ऊन जेमतेम, तरी ती रापत चालली होती. बाबा लाडानं म्हणाले, "सुट्टीवर जाऊन आल्यासारखी दिसतेस." शेजारच्या काकू म्हणाल्या, "हुंदडत असेल बाहेर, दुसरं काय." पण ती हुंदडत नव्हती. ती आबांच्या यंत्राशेजारी कापडाच्या ढिगावर आडवी असायची.

एका संध्याकाळी आईनं तिला ओट्यापाशी स्टुलावर उभं केलं आणि तिची बोटं घासायला घेतली. पेरांवर, जिथे कातडीला घड्या पडतात, तिथे काळसर झालं होतं. साबण लावला, काथ्या घेतला, परत साबण लावला. "हे निघत का नाही?"

"आई, दुखतंय."

आईनं हात सोडला. मग तिनं उगाच नळ सुरू ठेवला आणि त्या पाण्याकडे बघत उभी राहिली. काहीतरी चुकतंय हे तिला कळत होतं, मित्रांनो. काय ते कळत नव्हतं. आणि माणसाला काय ते कळत नसलं की तो हाताला लागेल ते दुरुस्त करतो. तिच्या हाताला मी लागले. तिनं मला उचललं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, केक भाजायच्या भांड्यांमागे ठेवून दिलं.

तिथे अंधार होता. ओलसर हवेनं मीठ आळलं, त्याचा एक दगड झाला, आणि समुद्राचा आवाज बंद पडला. वरून मला स्वयंपाकघर विहिरीच्या तळासारखं दिसायचं. मी तळाशी मुंगीला येताना बघायचे. ती वर बघायची. स्टूल ओढण्याएवढी ताकद तिच्यात राहिली नव्हती.

एका सकाळी तिला जरासा ताप होता. तिनं दुधाचा घोट घेतला, तो उलटला. मग तिनं टेबलावर गाल टेकला आणि चमचा खाली पडला. एरवी चमचा पडला की ती आधी हसायची. आईनं तिला हाक मारली. पुन्हा मारली. मग मी आईला मुलीला उचलून दाराकडे धावताना पाहिलं, आणि आबांना एका पायात चप्पल घालून तिच्यामागे जाताना.

घर रिकामं झालं. मी इतकी शांतता आधी कधी ऐकली नव्हती.

आई परत आली ती कपडे न्यायला. आबा मागोमाग. ते खुर्चीत बसले. "नीट सांग. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही तिथे."

"तिच्या रक्तातलं मीठ संपत आलं होतं, आबा. शरीरात टिकतच नाहीये. साखर पण खाली गेली होती. आता सलाइन लावलंय, इंजेक्शन दिलंय. डोळे उघडले तिनं." आई पिशवीत कपडे भरत होती आणि तेच कपडे बाहेर काढत होती. "त्या डॉक्टरांनी तिची बोटं बघितली, हिरड्या बघितल्या, आणि मला काय विचारलं माहीत आहे? घरी मीठ चाटते का."

"मग?"

"मी म्हटलं, चाटायची. आता आम्ही वर ठेवलंय."

आबांनी चष्मा काढून हातात धरला. मग आई स्टुलावर चढली, तिनं मला खाली आणलं, आणि चमच्याच्या दांड्यानं माझ्यातला दगड फोडायला लागली. माझ्या ओठाचा टवका तेव्हाच उडाला. मला त्याचं काही वाटलं नाही.

मुंगी घरी आली तेव्हा तिच्याबरोबर गोळ्यांच्या दोन बाटल्या आल्या. त्या माझ्या शेजारी राहायला लागल्या, म्हणून त्यांचं काम मी शिकले. तुम्हालाही सांगते. पाठीच्या आतल्या बाजूला दोन मूत्रपिंडं असतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. त्यांच्या डोक्यावर टोपी घातल्यासारख्या दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात. अधिवृक्क असं त्यांचं पुस्तकातलं नाव. त्या गुपचूप दोन फार मोठी कामं करतात. त्यांचा एक रस शरीरातल्या मिठाला धरून ठेवतो, जाऊ देत नाही. दुसरा रस संकटात माणसाला उभं करतो. ताप आला, पडलं, लागलं, घाबरलं, की तो वाढतो आणि शरीराला म्हणतो, ऊठ, मी आहे. मुंगीच्या या ग्रंथी थकून थांबल्या होत्या. म्हणून तिचं मीठ तिच्यातून वाहून जात होतं, आणि ती ते परत मिळवायला माझ्याकडे येत होती. चोरून.

एक बाटली एका रसाची जागा घ्यायची, दुसरी दुसऱ्याची. पहिली गोळी उठल्या उठल्या.

"किती दिवस घ्यायच्या?" मुंगीनं विचारलं.

"रोज," आई म्हणाली.

"मोठी झाल्यावर पण?"

"मोठी झाल्यावर पण."

"म्हातारी झाल्यावर?"

"तेव्हा पण. दात घासतेस तसंच."

"म्हातारपणी दात नसतात," मुंगी म्हणाली. ती बरी होत होती.

आबांना मात्र या गोळ्यांची धास्ती होती. कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं. "सूनबाई, ह्यानं माणूस फुगतो म्हणे. एवढ्याशा पोरीला रोज कशाला?"

"गरजेपेक्षा जास्त दिलं तर त्रास होतो, आबा. हिच्यात मुळात नाहीच आहे. जेवढं नाही तेवढंच आपण भरायचं."

आबांनी थोडा विचार केला. "म्हणजे रफू."

"हो. रफूच."

"रफू नेमकं लागतं. जास्त दोरा घातला तरी कापड ओढतं."

"म्हणूनच तर डॉक्टर मधूनमधून रक्त तपासतात."

ते त्यांना पटलं. पण ताप आला की गोळी वाढवायची, आणि उलट्या होऊन गोळी पोटात राहीना झाली की इंजेक्शन द्यायचं, इथे ते अडले. इंजेक्शनची निळी डबी फ्रीजशेजारच्या खुंटीवर टांगलेली असायची. आईनं संत्र्यावर सुई टोचून दाखवली. बाबांनी संत्र्यावर टोचून पाहिलं, मग उशीवर. आबा उठून खिडकीपाशी गेले. "मला नको सांगू. जन्मभर सुई चालवली, पण कापडाला रक्त येत नाही."

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सोनेरी. मी टेबलाच्या मधोमध आले. स्वयंपाक आळणीच राहिला, पण मुंगीच्या ताटात वरून मीठ पडायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला मीठ अडवू नका. उन्हाळ्यात, खेळून घामाघूम झाली की आणखी द्या. एका बाजूला आबा, ज्यांना मी मना, आणि समोर त्यांची नात, जिला मी हुकूम. मुंगी बटाट्यावर भरपूर मीठ भुरभुरवायची आणि आबा त्या बटाट्याकडे अशा नजरेनं बघायचे की मलाच लाज वाटायची.

"आबा, एक घास?"

"नको. माझ्या वाटचंही तूच खा. पण जरा हळू खा, मला बघू दे."

तिचा रंग उजळला, पेरं स्वच्छ झाली. ती पुन्हा वस्तू ओढून न्यायला लागली. पाहुणे आले की आबा माझ्यावर थाप मारून सांगायचे, "हिनं वाचवलं आमच्या पोरीला." हे ऐकून ऐकून मला खरंच वाटायला लागलं की मीच. बाजूच्या बाटल्या गप्प असायच्या. दुपारी मी समुद्राची स्वप्नं बघायचे, आणि त्या स्वप्नात समुद्र माझाच असायचा.

एका गरम दुपारी मुंगी शाळेतून लवकर आली. पोटात ढवळत होतं. घरात आबा एकटे. आई दुकानात, बाबा कुठल्याशा लांबच्या रस्त्यावर. आईनं शिकवल्याप्रमाणे आबांनी जास्तीची गोळी दिली. ती उलटली. परत दिली. परत उलटली. मग त्यांनी माझं झाकण उघडलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. मला वाटलं, आता मी आहे.

आबांनी ग्लासात मीठ ढवळलं आणि तिला चमच्याचमच्यानं पाजायला लागले. मुंगी ओट्याखालच्या गार फरशीवर आडवी झाली होती, तिला तिथेच बरं वाटत होतं. पाणी आत जायचं, बाहेर यायचं. आबा आणखी मीठ घालायचे. माझ्यातून मीठ जात होतं आणि तिच्यात काहीच राहत नव्हतं. निळी डबी खुंटीवर होती. आबांची नजर तिकडे जायची आणि परत माझ्याकडे यायची. मी ओळखीची होते. मला सुई नव्हती.

"मुंगी, पाणी?"

"हं."

"पोटात दुखतंय का गं?"

"हं."

थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला. "झोपली," आबा माझ्याकडे बघून म्हणाले. "झोपू दे. झोपेनं बरं वाटेल."

खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. सगळं फार शांत, फार सुंदर दिसत होतं. पण माझ्या पोटातले दाणे गप्प झाले होते, तसे ते फळीवरच्या अंधारात झाले होते. तिच्या ओठांवर मिठाचा पांढरा कण होता आणि ती तो चाटत नव्हती. तेव्हा मला कळलं, मित्रांनो. नुसती मी पुरी पडणार नाही. ज्याच्या बुडाला भोक आहे त्यात कितीही ओतलं तरी काय. मिठाला धरणारं आणि तिला उठवणारं जे तिच्यात नव्हतं, ते माझ्याकडेही नव्हतं. ते खुंटीवर होतं.

फोन वाजला. आई दुपारी एकदा फोन करायचीच, आणि आबा रोज म्हणायचे, "वाजली तुझ्या आईची घंटा." आज म्हणाले नाहीत. त्यांनी फोन यंत्राच्या फळीवर उभा ठेवला, मोठा आवाज करून, म्हणजे हात मोकळे राहतील.

"काय चाललंय?" आईचा आवाज.

"आहे ठीक. लवकर आली. उलट्या झाल्या जरा. मी मिठाचं पाणी देतोय."

"गोळी राहिली पोटात?"

"नाही राहिली. पण आता झोपलीय."

आईचा आवाज अगदी सावकाश आला. "आबा, हाक मारा तिला."

"मुंगी." आबा वाकले. "ए मुंगी. आई बोलतेय." त्यांनी तिचा गाल थोपटला. "हं म्हण की गं."

मुंगी काहीच म्हणाली नाही.

"आबा," आई म्हणाली, "मीठ ठेवा. डबी काढा."

"सूनबाई, ॲम्ब्युलन्स बोलव. ते लोक देतील. मी नाही..."

"त्यांना इथल्या दुकानाच्या फोनवरून बोलावते आहे. ते येईपर्यंत थांबायचं नाही. डबी काढा."

आबांनी डबी काढली. त्यांची बोटं, जी अंधारातसुद्धा सुईत दोरा ओवायची, त्यांना झाकण उघडेना.

"छोटी बाटली आहे ना, तिचं टोपण खाली दाबा. वरचं पाणी खालच्या पावडरीत उतरेल. उतरलं?"

"उतरलं."

"हलवा. स्वच्छ दिसेपर्यंत. मग सुईत ओढून घ्या."

"माझा हात थरथरतोय गं."

"थरथरू दे. थरथरत द्या. मांडीची बाहेरची बाजू. सरळ आत."

आबांनी नातीच्या फ्रॉकची कड वर केली. ती कड त्यांनीच शिवली होती. त्यांनी एकदा डोळे मिटले, मग मोठे उघडले, आणि सुई सरळ आत गेली. त्यांनी दट्ट्या शेवटपर्यंत दाबला. सुई बाहेर आली तेव्हा रक्ताचा एक थेंब आला, आणि त्यांनी त्यावर आपला अंगठा धरला. दाबून धरला, सोडलाच नाही.

"दिलं," ते म्हणाले.

फोनमधून आधी एक आवाज आला, त्याला शब्द नव्हता. मग आई म्हणाली, "आता तिच्याजवळ बसा. तिच्याशी बोलत राहा. मी निघालेय."

आबा फरशीवर बसले. बोलायला त्यांना काही सुचेना, म्हणून ते तिला कापडांची नावं सांगायला लागले. सुती, लोकर, मांजरपाट, मखमल. पांढऱ्या कपड्यातली माणसं दारात आली तेव्हा ते मखमलीवर होते, आणि मुंगीची पापणी हलली होती.

ती परत आली. दवाखान्यात फार राहावं लागलं नाही, कारण इंजेक्शन वेळेवर मिळालं होतं. त्यानंतर आबांनी माझ्यावर थाप मारून ते वाक्य कधी म्हटलं नाही, आणि मला त्याचा राग नाही. महिन्यातून एकदा ते स्वतःहून आईकडे संत्रं मागतात. सराव झाला की ते संत्रं दोघं अर्धं अर्धं खातात. मुंगी तिच्या अर्ध्यावर मीठ घालते.

आता ती त्या सगळ्यात वरच्या फळीएवढी उंच झाली आहे. मला तिथे ठेवलं तरी उतरवायला तिला स्टूल लागणार नाही. आणि आज सकाळी ती शाळेच्या शिबिराला गेली, डोंगरावर, तंबूत राहायला. पहिल्यांदाच. आईनं गोळ्यांची पाकिटं भरली, निळी डबी भरली, माझ्यातलं मीठ एका छोट्या बाटलीत ओतलं. बाईंना सगळं समजावून झालं होतं. डबी कशी वापरायची, तेसुद्धा.

"तंबूतल्या मुलींना पण सांगून ठेवू का?" आईनं विचारलं.

"नको. मग त्या माझ्याकडे काचेच्या भांड्यासारखं बघतात."

"अगं, पण एकीला तरी."

"आई. बाईंना सांगितलंयस ना? बस."

आई बस म्हणाली नाही, तिनं पिशवीच्या बाजूच्या कप्प्याची चेन ओढून लावली. मुंगीनं मनगटावरची पट्टी, जिच्यावर तिच्या आजाराचं नाव कोरलंय, ती बाहीखाली सरकवली आणि गेली. तेव्हापासून आई त्याच खुर्चीत बसून आहे. समोर चहा आहे. त्यावर साय धरली आहे.

मी स्वतः भांडं आहे, त्यामुळे मुंगीचं म्हणणं मला कळतं. ठेवणीतलं म्हणून जपलेलं कुणाला आवडतं? पण आईची खुर्चीही मला इथून दिसते. म्हणून जे आईला बोलता आलं नाही ते मी बोलते आहे. मुंगी मला चुगलखोर म्हणेल. म्हणू दे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी डोंगरावरच्या शिबिरात असेल. तुमच्या तंबूत एक मुलगी असेल, जी सगळ्यावर मीठ घालून खाते आणि बाही सारखी खाली ओढते. तिला जपू नका, तिच्याशी खेळा, तिला हरवा, तिची उशी पळवा. फक्त एक करा. तिला उलटी झाली किंवा अंग तापलं, आणि ती "मी ठीक आहे" म्हणून कोपऱ्यात आडवी झाली, तर "झोपू दे तिला" असं म्हणू नका. जवळ जा. नावानं हाक मारा. तिनं नीट उत्तर दिलं नाही, तर बाईंकडे पळा आणि एवढंच सांगा, निळी डबी तिच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात आहे.

आणि शिबिरात नसाल, तरी तुमच्या आसपास आज कोणीतरी कधी नव्हे इतकं गप्प पडून असेल. तुमची बहीण, शेजारचे आजोबा, वर्गात शेवटच्या बाकावर डोकं टेकून बसलेला कोणी. जा, बघून या. हाक मारा आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहा.